सायकलने कोकण किनारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की ओळखीच्यांच्या ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. मी रत्नागिरीत राहतो, सायकल चालवतो, आणि मांडव्यापासून तेरेखोलपर्यंतचा किनारा तुकड्यातुकड्यांनी बऱ्याचदा फिरलो आहे, एवढीच माझी पात्रता. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरे एकदाच लिहून ठेवतो.

समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार ना?

नाही. सगळ्यांचा पहिला गैरसमज हाच असतो, आणि तो दुसऱ्या दिवशी दुपारी फिटतो.

सह्याद्रीचा कणा इथे समुद्रापासून जेमतेम ४० ते ६० किलोमीटरवर आहे. तिथून निघालेल्या नद्या थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात आणि वाटेत जांभ्याचा सडा, म्हणजे लाल कातळाचे पठार, कापत येतात. गाव असते खाडीच्या तोंडाशी किंवा पुळणीमागच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यामागच्या, नारळी-पोफळीत. पुढचे गाव पुढच्या खाडीवर. दोन्हींच्या मध्ये सडा, साधारण शंभर-दीडशे मीटर उंच. म्हणजे गावातून निघायचे, घाटी चढायची, सड्यावर दोन-चार किलोमीटर वाऱ्यात पाय मारायचे आणि पुन्हा शून्यावर उतरायचे. दिवसातून पाच-सहा वेळा.

आमच्याकडे ‘घाटी’ म्हणजे असा छोटा चढ. लांबी एक-दोन किलोमीटर, पण चढ आठ-दहा टक्के, एखाद्या वळणावर त्याहून जास्त. जुन्या बैलगाडीच्या वाटेवर डांबर ओतले की असाच रस्ता होतो. ८० किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरहून जास्त चढाई सहज होते. मोठ्या घाटात एक लय सापडते. इथे लय सापडेपर्यंत घाटी संपते आणि लगेच उतार लागतो. दमायला होते ते त्यामुळे.

गावात अंतर विचारलेत तर “हे काय, घाटी चढलात की आलंच” असे उत्तर मिळेल. त्याचा अर्थ किमान पाच किलोमीटर आणि दोन घाट्या.

मग रोज किती अंतर धरावे?

६० ते ७०. पुण्या-मुंबईची मंडळी ‘आम्ही वीकेंडला दीडशे करतो’ म्हणतात. करत असतील. पण इथे दिवसाचा हिशेब किलोमीटरवर होत नाही, खाड्यांवर होतो. तर, म्हणजे खाडी ओलांडणारी फेरीबोट, कधी सुटणार, पुढची कधी मिळणार, भरतीच्या वेळी धक्क्यावर किती थांबावे लागणार, यावर दिवस बेतायचा. सायकल जोरात हाणून धक्क्यावर पोहोचावे तर डोळ्यांदेखत फेरीबोट निघून जाते, आणि मागून रमतगमत आलेला माणूस तुमच्याच बोटीत चढतो.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकल सफर, करणाऱ्यांना २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. तो हिशेब डोक्यात ठेवून इथे येऊ नका.

मुंबई-गोवा महामार्गाने सरळ का जाऊ नये?

महामार्ग ६६ समुद्रापासून बराच आत आहे, त्यावरून समुद्र दिसत नाही. चौपदरीकरणाचे काम २०११ पासून चालू आहे. कुठे गुळगुळीत काँक्रीट, कुठे अचानक वळवलेला रस्ता आणि धूळ. भरधाव बस आणि कंटेनर तर आहेतच. मी तो फक्त ओलांडतो.

आपला रस्ता म्हणजे सागरी महामार्ग, रेवस ते रेडी. कल्पना बॅ. अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळातली, म्हणजे १९८० च्या सुमाराची. ‘महामार्ग’ या शब्दाला भुलू नका. बराचसा रस्ता एकेरी-दुहेरीच्या मधला आहे, समोरून एसटी आली की कडेच्या गवतात उतरावे लागते. मोठ्या खाड्यांवरचे सगळे पूल होतील तेव्हा तो खराच महामार्ग होईल, आणि सायकलवाल्यांचे त्यातले सुख संपेल. तोवर हौस भागवून घ्या.

टप्पे कसे पाडावेत?

मी असे पाडतो. अंतरे ढोबळ आहेत.

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे मोटारी नेणाऱ्या, बोटीने मांडवा गाठावे. सायकल आत जाते, तासाभरात पलीकडे. मांडवा ते अलिबाग वीसेक किलोमीटर, पुढे नागाव, चौल, रेवदंडा वाड्यांच्या सावलीतून. कुंडलिकेचा पूल ओलांडला की साळाव, कोर्लई, काशीद आणि मुरूड. पहिल्या दिवसासाठी पुरे. शनिवार-रविवारी हा पट्टा टाळा, काशीदला मोटारींची जत्रा असते.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला तर पकडून दिघी. धक्का सोडल्या सोडल्या चढ. मग दिवेआगर, आणि तिथून आरावी-शेखाडीमार्गे श्रीवर्धन: वीस-बावीस किलोमीटर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पाणी. मला विचाराल तर रायगड जिल्ह्यातला सगळ्यात देखणा रस्ता हा. मुक्काम हरिहरेश्वर.

तिसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेश्वी. सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा. केळशी, आडे, पाडले, आंजर्ले, हर्णै. संध्याकाळी पोहोचलात तर हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघा. सायकल मात्र लांब उभी करा, नाहीतर पुढचे दोन दिवस चेनला कोळंबीचा वास येतो.

चौथा दिवस हर्णै, कर्दे, लाडघर, दाभोळ, तर पकडून धोपावे, गुहागर. पाचवा दिवस पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तर पकडून जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प असल्याने तिथल्या रस्त्याला अवजड ट्रक लागतात, तेवढे सांभाळा.

सहाव्या दिवशी आरे-वारेच्या चढावरून रत्नागिरी (२५ किलोमीटर, आणि फोटो काढायला थांबलात तर तीन तास), भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी. सातवा दिवस आडिवरे, नाटे, जैतापूर, मग वाघोटनची खाडी ओलांडून देवगड. हा सगळ्यात कष्टाचा. सडेच सडे, सावली नाही, दुकाने तुरळक.

देवगडनंतर अंग हलके होते. मिठमुंबरी, कुणकेश्वर, आचरा, मालवण. पुढे कर्लीचा पूल, परुळे, वेंगुर्ला. शेवटी शिरोडा, रेडी, तेरेखोल. तीन निवांत दिवस. सगळे मिळून दहा दिवस धरा, आणि अकरावा हाताशी ठेवा.

तरीत सायकल घेतात का? त्रास होतो का?

घेतात, खुशाल घेतात. सायकलचे तिकीट वेगळे फाडतात, रक्कम किरकोळ असते. सुटे पैसे जवळ ठेवा, धक्क्यावर नेटवर्क असेलच असे नाही. मोटारी आधी आत घालतात, सायकली आणि दुचाक्या उरलेल्या फटीत. हँडल कुणाच्या तरी दाराला घासणार नाही हे आपणच बघायचे.

एक गोष्ट मात्र मी पडून शिकलो. बोटीची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकते तिथे भरतीचे पाणी चढून गेलेले असते. खाली हिरवे शेवाळ, वर डिझेलचा पातळ थर. जानेवारीतली सकाळ, दाभोळचा धक्का, पायात क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट. फळीवर पहिले पाऊल ठेवले आणि सायकलसकट आडवा झालो, तोही डोक्यावर मासळीची पाटी घेतलेल्या दोन बायांच्या समोर. एक म्हणाली, “चपला घाला हो.” तेव्हापासून पॅनिअरच्या, म्हणजे कॅरिअरला लटकवलेल्या पिशवीच्या, वरच्या कप्प्यात रबरी चपला असतात. धक्का दिसला की बूट काढायचे आणि सायकल हातात धरून चालत उतरायचे.

एक बोट चुकली तर पुढची असतेच. दिवसा तास-अर्ध्या तासाने मिळते. शेवटची चुकली तर मात्र जड जाते. दाभोळ-धोपावे पाण्यातून दहा मिनिटे. तेच रस्त्याने दापोली, खेड, चिपळूण करून गुहागर शंभराच्या वर. बागमांडल्याला आंबेत-म्हाप्रळ पुलाचा वळसा आहे, तवसाळ-जयगडला भातगावच्या पुलाचा. दोन्ही वळसे दिवस खातात. शेवटची बोट किती वाजता हे आदल्या मुक्कामीच घरमालकाला विचारून घ्या. त्यांना वेळा पाठ असतात, इंटरनेटला नसतात.

कोणत्या महिन्यात यावे, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे की उलट?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. ऑक्टोबरात रस्ते धुतलेले आणि डोंगर हिरवे असतात, पण दमटपणा माणसाला पिळून काढतो. मार्चपासून सड्यावरचा कातळ तव्यासारखा तापतो.

दिशा उत्तर-दक्षिणच ठेवा. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून येतो, मंद असतो. अकराच्या पुढे समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत वाढत जातो. दक्षिणेला जाणाऱ्याच्या तो पाठीशी येतो. गोव्याकडून वर येणाऱ्यांना मी दुपारी तीन वाजता सड्यावर पाहिले आहे. त्यांच्या चेहऱ्यावर सगळे लिहिलेले असते.

पावसाळ्यात कोकण सुंदर दिसते म्हणतात…

दिसते. मोटारीच्या काचेतून बघा. डांबरावर शेवाळ धरते, जांभ्याच्या गडग्यांतून लाल पाण्याचे ओहोळ रस्त्यावर येतात, खड्डा किती खोल ते कळत नाही. घाटात दरडी कोसळतात. जुलै २०२१ च्या पावसात आंबेनळी घाटाची काय दशा झाली ते आठवा. समुद्र खवळला की फेरीबोटीही बंद राहतात. यायचेच असेल तर एका गावात मुक्काम ठोकून सकाळी दोन तास आसपास फिरा.

कोणती सायकल आणावी?

जी आहे ती. रोड बाइक, हायब्रिड, एमटीबी, तिन्ही चालतात. मी तिन्हींवर येऊन गेलेली माणसे पाहिली आहेत. टायर मात्र २८ मिलिमीटरच्या खाली नको, ३२ असेल तर उत्तम. मधूनच काँक्रीटचे तुकडे, मधूनच नुसती खडी, आणि गावात शिरताना गतिरोधकांची माळ असते.

टायरपेक्षा गिअर महत्त्वाचे. रोड बाइकला पुढच्या दोन चकत्यांना ५० आणि ३४ दात, आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला निदान ३२ दात हवेत, सामान लादले असेल तर ३४. मागे २५ किंवा २८ घेऊन येणारे तरुण पहिल्या घाटीला उभे राहून चढतात, तिसऱ्या घाटीला सायकल हातात धरतात. हातात धरण्यात कमीपणा काहीच नाही, क्लीट झिजतात एवढेच.

खारी हवा आणि लाल धूळ मिळून चेनवर एक लेप तयार होतो. रोज संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसा, थेंब-थेंब तेल द्या. पुळणीवरून सायकल चालवायचा मोह सगळ्यांना होतो. कर्द्याच्या ओल्या वाळूवर ओहोटीला मीही चालवली आहे. पण त्यानंतर लगेच दोन बादल्या गोडे पाणी, नाहीतर आठवड्यात बेअरिंग कुरकुरायला लागतात.

पंक्चर झाले तर गावात दुरुस्ती मिळेल का?

पंक्चरचे दुकान मिळेल, तुमची ट्यूब मिळणार नाही. गावातल्या दुकानात मोटारसायकलला लागतो तो जाड व्हॉल्व्ह असतो. रोड बाइकचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह पाहून दुकानदार तो आधी उलटसुलट करून बघतो, मग तुमच्या तोंडाकडे बघतो. पितळेचा छोटा अडॅप्टर जवळ ठेवा. पंधरा-वीस रुपयांच्या त्या तुकड्याने कुठेही हवा भरता येते. दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, हातपंप, चेनचा जोडदुवा, मागच्या गिअरचा हँगर आणि दोन स्पोक सोबत हवेतच. ब्रेक पॅडचा एक जोड घ्या. इथे चढतो तितकेच उतरतो, पॅड झपाट्याने संपतात.

हेदवीच्या अलीकडे माझा मागचा स्पोक तुटला. गॅरेजवाल्या पोराने आयुष्यात रोड बाइक उघडली नव्हती. तरी त्याने चाक उलटे टांगले, काडेपेटीची काडी ब्रेकजवळ धरून चाक कुठे डुलते ते पाहिले, आणि उरलेले स्पोक आवळून चाक इतके सरळ केले की रत्नागिरीपर्यंत काही जाणवले नाही. पैसे घेईना. “सायकलचे कसले पैसे,” म्हणाला.

घाटमाथ्यावरून खाली यायचे असेल तर कोणता घाट?

पुण्याहून ताम्हिणी सगळ्यात सोपा: मुळशीच्या कडेने, चढ-उतार अंगाबाहेर जात नाहीत, माणगावला उतरतो. वरंध अरुंद आणि माझा लाडका. भोरकडून नीरा-देवघरच्या पाण्याकाठाने येतो आणि महाडकडे कोसळतो. पावसाळ्यात तो बंद असतो, आधी चौकशी करा. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूर गाठायचे म्हणजे तेराशेहून जास्त मीटरवरून चाळीसेक किलोमीटर उतरायचे, वाटेत प्रतापगड. कराडकडून येणाऱ्यांना कुंभार्ली, पण ट्रक फार. कोल्हापूरकरांना आंबा किंवा गगनबावडा. आंबोली सगळ्यात सौम्य. दाणोलीकडून वर चढायलाही मजा येते, सुमारे ७०० मीटरवर चहा मिळतो.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दोन्ही आलटून पालटून, वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. रिम ब्रेकवाल्यांनी मध्ये दोनदा थांबून रिमला बोट लावून बघावे. बोट ठेववत नसेल तर पाच मिनिटे दरी बघा.

राहायचे, जेवायचे कसे?

ही चिंता सोडा. जवळपास प्रत्येक किनारी गावात ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी असते. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि सलग सुट्ट्या सोडल्या तर दुपारी फोन केला तरी खोली मिळते. जेवण आधी सांगावे लागते; भात तुमच्यासाठी वेगळा शिजतो. पाटलीण काकूंना ‘सायकलने आलोय’ सांगितले की भाकरी आपोआप एक जास्त येते.

सकाळी सातच्या आत गावात काही उघडत नाही, म्हणून आदल्या रात्रीच केळी घेऊन ठेवा. न्याहारीला घावणे किंवा आंबोळी मिळाली तर चार खा, पुढच्या दोन घाट्या त्यावर निघतात. दुपारी सोलकढी. तळलेली सुरमई दुपारी नको, रात्री खा. हे अनुभवाचे बोल आहेत, तपशिलात शिरत नाही.

पाण्याच्या दोन बाटल्या कमीत कमी, देवगडच्या आधीच्या सड्यांवर तीन. शहाळे दिसले की थांबायचे. कोकम सरबतात चिमूटभर मीठ जास्त घालून मागा. कोणत्याही पुडीपेक्षा ते चांगले लागते.

बाईने एकटीने यावे का?

एकट्या आलेल्या तिघीजणी आमच्याकडे राहून गेल्या आहेत. तिघींचे म्हणणे सारखेच: माणसांचा त्रास नाही, चौकशांचा आहे. “एकटीच? घरचे काही बोलत नाहीत?” हे रोज दहा वेळा. मालवणच्या पुढे “खंयसून इलास?” सुरू होते. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा, पण ते बापयांनाही लागू आहे. रात्री रस्त्यावर गुरे बसलेली असतात, रानडुकरे आडवी येतात, आणि काळ्या म्हशीला रिफ्लेक्टर नसतो.

कुत्री?

आहेत. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत पुढे जा. पळालात तर ती पळणार.

गूगल मॅपवर भरवसा ठेवावा का?

अर्धा. एक म्हणजे तो बऱ्याचदा फेरीबोट धरत नाही आणि तुम्हाला खाडीला वळसा घालून महामार्गावर नेतो. दुसरे म्हणजे मुरूड दोन आहेत: एक जंजिऱ्याचे, रायगड जिल्ह्यातले, दुसरे हर्णैजवळचे, दापोली तालुक्यातले. दर वर्षी कुणीतरी एका मुरूडची खोली आरक्षित करून दुसऱ्या मुरुडातून मला फोन करतो. आणि ‘पाच किलोमीटर वाचतात’ म्हणून तो दाखवतो ती पिवळी बारीक रेघ बहुधा आंब्याच्या बागेतली चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट, असते.

दोनच दिवस आहेत, काय करू?

रत्नागिरीला रेल्वेने या. पहिल्या दिवशी आरे-वारेने गणपतीपुळे, मालगुंड आणि परत. दुसऱ्या दिवशी पावस, पूर्णगड, कशेळी. कशेळीला कनकादित्याचे देऊळ आहेच, पण वेळ काढून सड्यावरचे कातळशिल्प बघा: जांभ्यात कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती, त्याच्या पोटात मासे, मोर, वाघ. कोणी कोरला आणि का, कोणालाच ठाऊक नाही. उन्हे कलल्यावर गेलात तर रेषा उठून दिसतात.

शेवट कुठे करावा, आणि सायकल परत कशी आणावी?

तेरेखोलचा किल्ला गोव्यातच आहे; त्याच्याखालून फेरीबोटीने पलीकडे केरीला उतरा. परतीसाठी कोकण रेल्वे. सायकल डब्यात घेऊ देत नाहीत, तिकीट दाखवून लगेज म्हणून ब्रेकव्हॅनला, म्हणजे सामानाच्या डब्याला, नोंदवावी लागते. दोन तास आधी पार्सल ऑफिसात जा. पेडल काढा, हँडल वळवून बांधा, मागच्या गिअरभोवती जुनी उशी किंवा पुठ्ठा गुंडाळा, आणि नाव, फोन, उतरायचे स्टेशन लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी दोन ठिकाणी बांधा. बाटल्या, दिवे, मीटर काढून पिशवीत.

सावंतवाडी किंवा पेडणे जवळ पडते म्हणून तिथे चढवायचा मोह होतो. पण छोट्या स्टेशनांवर गाडी दोन-तीन मिनिटेच थांबते, ब्रेकव्हॅन कुठे लागेल याचा नेम नसतो, आणि सायकल फलाटावर ठेवून गाडी निघून गेल्याचे मी स्वतः खिडकीतून पाहिले आहे. सायकल माझीच होती. ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आली. तेव्हापासून पन्नास-साठ किलोमीटर जास्त चालवावे लागले तरी मी मडगावला जाऊनच चढवतो.